लायब्ररीत तीनशे गेम्स, पण खेळावंसं एकही वाटत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या पीसीवर पाच लाँचर (गेम्स विकत घ्यायची आणि चालू करायची ॲप्स) आहेत: स्टीम, एपिक, जीओजी, एक्सबॉक्सचं ॲप आणि युबिसॉफ्ट कनेक्ट. सगळे मिळून तीनशेच्या आसपास गेम्स, त्यातले बरेचसे फुकट मिळालेले किंवा सेलमध्ये उचललेले. रात्री कामं आटोपली की तास-दीड तास मिळतो. त्यातला निम्मा वेळ काय खेळायचं हे ठरवण्यात जातो, मग काहीतरी चालू होतं आणि वीस मिनिटांत बंद होतं. शिवाय एका मोठ्या ओपन-वर्ल्ड आरपीजीत (मोकळ्या जगात फिरत, आपलं पात्र घडवत खेळायच्या गेममध्ये) चाळीस तास घालून तो अर्धवट सोडलाय, त्याची टोचणी वेगळीच. सगळं एकाच लाँचरवर आणलं तर हे सुटेल का, आणि आणायचं तर कोणत्या, असं तुम्ही विचारलंय. शेवटी हळूच विचारलंय की वयामुळे गेम्सची गोडीच गेली असेल का.

मला यात दोन अडचणी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. एक म्हणजे खुर्चीत बसल्यापासून प्रत्यक्ष खेळायला लागेपर्यंत मध्ये फार गोष्टी आड येतात. ती एका संध्याकाळी दूर होते. दुसरी म्हणजे आपल्याला खेळताना नेमकं काय करायला आवडतं हे तुम्ही तपासून बघितलेलं नाही. लोक कशाची वाहवा करतायत आणि काय स्वस्त मिळतंय यावर निवड होतेय. ही सुटायला काही आठवडे जातील, आणि जास्त महत्त्वाची तीच आहे.

एक गोष्ट आधीच बोलून ठेवतो. गेम्सच नाही, तर वाचन, गाणी, मित्रांच्या गप्पा, कशातच मन लागत नाही आणि हे बरेच आठवडे चाललंय, असं असेल तर खालचं काहीही उपयोगाचं नाही. तेव्हा डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. तुमच्या लिहिण्यावरून मला तसं वाटलं नाही, बाकी गोष्टींबद्दल तुम्ही उत्साहाने लिहिलंय. म्हणून पुढे जातो.

आधी लाँचरचं उरकून घेऊ.

स्टीम 2003 साली आलं ते मुख्यतः व्हॉल्व्ह कंपनीच्या स्वतःच्या गेम्सना अपडेट पोचवण्यासाठी. 2004 मध्ये हाफ-लाइफ 2 खेळायला ते सक्तीचं झालं, तेव्हा लोक चांगलेच वैतागले होते. दुसऱ्यांचे गेम्स तिथे विकायला सुरुवात झाली ती त्यानंतर. आता मात्र कुठलाही लाँचर उघडा, समोर येतं ते दुकान. नवीन काय आलं, कशावर सवलत आहे, कशाची मुदत संपतेय. तुमच्याकडे आधीपासून असलेले गेम्स एका क्लिकने मागे ढकललेले असतात. तुम्ही खेळायला बसता आणि पहिलं दर्शन होतं ते तुमच्याकडे नसलेल्या गेम्सचं. खेळायची इच्छा तिथेच पातळ होते. म्हणून लाँचर कोणता यापेक्षा तो उघडल्यावर पहिल्यांदा काय दिसतं, हे मी जास्त महत्त्वाचं मानतो.

‘एकाच लाँचरवर आणणं’ शब्दशः शक्य नाही. एपिकवर घेतलेला गेम स्टीमवर हलवता येत नाही आणि त्यासाठी तोच गेम पुन्हा विकत घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. यादी मात्र एकत्र करता येते. विंडोजवर प्लेनाइट नावाचं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. ते सगळ्या खात्यांमधले गेम्स एका खिडकीत दाखवतं, दुकान दाखवत नाही. मूळ लाँचर पार्श्वभूमीत चालू लागतातच, पण तुम्हाला त्यांचं तोंड बघावं लागत नाही. जीओजी गॅलक्सीसुद्धा बाकीची खाती जोडून घेतं. एपिक आणि जीओजी एवढ्यांसाठीच हवं असेल तर हिरोइक लाँचर हलका आहे, लिनक्सवर तर फारच सोयीचा.

पुढे नवीन गेम कुठून घ्यायचा, हे कशावर अवलंबून आहे ते सांगतो. मित्रांबरोबर खेळायचा असेल तर मित्र जिथे असतील तिथे, यात विचार करण्यासारखं काही नाही. मॉड्स (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल आणि भर) भरपूर वापरणार असाल तर त्या गेमचे मॉड्स कोणत्या आवृत्तीवर चालतात ते आधी बघा. स्टीम वर्कशॉप (स्टीममधलंच मॉड्सचं दालन) असेल तर काम एका क्लिकचं असतं, आणि सबस्क्रिप्शनवाल्या आवृत्तीत कधीकधी मॉड टाकताच येत नाहीत. वेगवेगळे कंट्रोलर वापरत असाल तर स्टीम इनपुट या सोयीइतकी बटणांची बारीक जुळवाजुळव दुसरीकडे मिळत नाही. लिनक्सवर किंवा स्टीम डेकवर (व्हॉल्व्हचं हातात धरून खेळायचं यंत्र) खेळायचं तर प्रोटॉनमुळे (विंडोजचे गेम्स लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) स्टीम सगळ्यात बिनत्रासाचं. आणि एकट्याने खेळायचा, पुन्हा पुन्हा परत जावंसं वाटेल असा गेम असेल तर मी आधी जीओजीवर बघतो.

त्यामागचं कारण मालकीचं आहे. डिजिटल दुकानातून आपण गेम विकत घेतो म्हणजे बहुतेक वेळा वापरण्याचा परवाना घेतो. कॅलिफोर्नियातल्या नव्या कायद्याच्या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर 2024 पासून स्टीमवर पैसे भरण्याच्या पानावर हे लिहिलेलंच असतं. 2014 साली आलेल्या द क्रू या रेसिंग गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद झाले आणि ज्यांनी पूर्ण पैसे मोजले होते त्यांनाही तो खेळता येईनासा झाला. एकट्याने खेळण्याचा भागही सर्व्हरवर अवलंबून होता. जीओजीवर गेमचा ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवता येतो. दुकान उद्या राहिलं नाही तरी ती फाइल चालते. प्रत्येक गेमसाठी एवढी काळजी करायची गरज नाही. ज्या चार-दहा गेम्सवर खरोखर जीव आहे त्यांच्यासाठी करावी.

आणखी एक बघायचं: काही कंपन्यांचे गेम्स स्टीमवर घेतले तरी चालू करताना त्यांचा स्वतःचा लाँचर उघडतोच. युबिसॉफ्ट आणि ईए यांचं हेच आहे. स्टीमच्या पानावर उजव्या बाजूला वेगळं खातं लागेल अशी सूचना असते, ती वाचायची सवय लावा.

आता प्रत्यक्ष करायचं काय? आज रात्री न खेळता एवढंच करा. पाचही लाँचर पीसी सुरू होताना आपोआप उघडणं बंद करा. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये इंटरफेसखाली सुरुवातीची खिडकी कोणती हवी ते निवडता येतं, तिथे लायब्ररी ठेवा. सवलती आणि नवीन गेम्सच्या सूचना बंद करा. अपडेट्ससाठी तुम्ही खेळत नाही अशी वेळ ठरवून द्या, कारण तास-दीड तासाच्या बैठकीत तीस जीबीचा अपडेट उतरायला लागला की ती रात्र गेलीच. फुकट घेतलेले आणि कधीच न उघडलेले गेम्स लायब्ररीत लपवा. ते कुठे जात नाहीत, नजरेआड होतात एवढंच. आणि शेवटचं, मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते: डिस्कवर एका वेळी तीनच गेम्स इन्स्टॉल ठेवा आणि तिन्हींचे शॉर्टकट डेस्कटॉपवर काढा. लायब्ररीत तीनशे असले तरी रात्रीची निवड तिनातूनच करायची.

बाकीचे काढून टाकण्याआधी सेव्ह फाइल्स, म्हणजे खेळातली प्रगती साठवणाऱ्या फाइल्स, बघा. क्लाउड सेव्ह, म्हणजे ही प्रगती इंटरनेटवर साठवायची सोय, प्रत्येक गेमला नसतं. दुकानाच्या पानावर तसा उल्लेख असतो, पण मी त्यावर विसंबत नाही. सेव्ह बहुतेक डॉक्युमेंट्समध्ये किंवा ॲपडेटामध्ये सापडतं, आणि पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर जवळपास प्रत्येक गेमचा नेमका पत्ता दिलेला असतो. तो फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवला की गेम निर्धास्त काढता येतो.

लाँचरबद्दल एवढं पुरे. हे सगळं नीट लागलं तरी तुमची वीस मिनिटांत उठण्याची सवय जाणार नाही, आणि तिच्याबद्दल मला जास्त बोलायचंय.

माझं काम प्लेटेस्टिंगचं. तयार होत असलेला गेम बाहेरच्या खेळाडूंना खेळायला द्यायचा, आपण मागे बसून बघायचं, मध्ये तोंड उघडायचं नाही, खेळ संपल्यावर प्रश्न विचारायचे. या कामात एक गोष्ट सतत दिसते: माणूस जे आवडतं म्हणून सांगतो आणि त्याचे हात जे आवडीने करतात ते पुष्कळदा वेगळं असतं.

एक खेळाडू आठवतात. फॉर्मवर त्यांनी लिहिलं होतं, आरपीजी आवडतात, त्यातही लढाई. खेळायला बसल्यावर प्रत्येक लढाई त्या कशीबशी उरकायच्या. ढाल वापरायची आठवण नाही, शत्रूच्या हालचालीकडे लक्ष नाही. लढाई संपली की मात्र सामानाची पिशवी उघडायच्या आणि तिथे वेगळ्याच व्हायच्या. बाण बाणांशेजारी, औषधांच्या कुप्या रंगाप्रमाणे, दोन सारख्या तलवारी असतील तर आकडे ताडून एक बाजूला. खांदे सैल सुटलेले, माउस संथ चाललेला. त्याच दिवशी तोच गेम खेळलेल्या दुसऱ्याने पिशवी जवळपास उघडलीच नाही. तो नकाशाच्या कडेला जाऊन ज्या डोंगरावर चढायची सोय आम्ही केलीच नव्हती तिथे चढायचा प्रयत्न करत होता, आणि घसरून पडला की हसत होता. दोघांनीही शेवटी लिहिलं: लढाई चांगली आहे.

एकाच खेळात माणसं वेगवेगळ्या कारणांसाठी येतात हे रिचर्ड बार्टल यांनी 1996 सालीच मांडलं होतं, तेही निव्वळ मजकुरावर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांकडे बघून. कोणी टप्पे गाठायला येतं, कोणी धुंडाळायला, कोणी माणसांशी बोलायला, कोणी दुसऱ्यावर कुरघोडी करायला. त्यांचे चार प्रकार आज जसेच्या तसे लागू करावेत असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही ‘मला आरपीजी आवडतात’ असं लिहिलंय, त्यातून मला तुमच्याबद्दल फार थोडं कळतं. डिस्को इलिझियमही आरपीजी आणि डायब्लोही आरपीजी. एकात रूढ अर्थाने लढाईच नाही, माणसांशी बोलायचं आणि स्वतःच्याच डोक्यातल्या आवाजांशी वाद घालायचा. दुसऱ्यात राक्षसांचे थवे क्लिक करून लोळवायचे आणि पडलेलं सामान निवडायचं. दुकानात दोन्हींवर एकच चिठ्ठी.

म्हणून मी गेमच्या प्रकारांची नावं बाजूला ठेवून विचारतो: या गेममध्ये मिनिटामिनिटाला हात आणि डोकं काय करतात? फॅक्टोरिओत तुम्ही अडकलेला प्रवाह मोकळा करता. लोखंड पुरत नाही म्हणून खाण वाढवता, मग वीज पुरत नाही, मग वीज वाढवता, मग पट्टा अपुरा पडतो. रिटर्न ऑफ द ओब्रा डिनमध्ये जहाजावरच्या साठ माणसांचं काय झालं ते ताडून बघता, कपड्यांवरून, बोलण्याच्या ढबीवरून, कोण कोणाशेजारी उभा आहे यावरून. तीन माणसांची माहिती अचूक भरली की गेम ती पक्की करतो, त्यामुळे आंधळे अंदाज फारसे चालत नाहीत. स्ले द स्पायरमध्ये शत्रू पुढच्या खेपेला काय करणार ते त्याच्या डोक्यावर दिसतं, आणि हातातल्या पत्त्यांतून त्यावर उत्तर शोधायचं. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्समध्ये हल्ले आपोआप होतात, तुम्ही फक्त वाट काढता. हे चारही गेम्स नावाजलेले आहेत, पण चारही आवडणारा माणूस क्वचित भेटतो.

तुम्ही एक करून बघा. ज्यांत वेळेचं भान राहिलं नाही असे तीन गेम्स आठवा, कितीही जुने चालतील. प्रत्येकासाठी एक वाक्य लिहा आणि त्यात क्रियापदं येऊ द्या. ‘कथा छान होती’ असं नको. ‘प्रत्येक घरात शिरून चिठ्ठ्या वाचत होतो’, ‘सगळे सैनिक जिवंत परत आणायची धडपड करत होतो’, ‘एकच वळण पुन्हा पुन्हा मारून अर्धा सेकंद कमी करत होतो’, असं लिहा. तिन्ही वाक्यं शेजारी ठेवली की बहुतेकांना धागा सापडतो. आणि तो अनेकदा अनपेक्षित असतो. नेमबाजी आवडते असं समजणाऱ्या माणसाच्या वाक्यांत नेमबाजी कुठेच येत नाही, येतं ते लपणं, वाट बघणं, नकाशा डोक्यात बसवणं.

नवीन गेम निवडताना मग हेच बघायचं. ट्रेलर बघू नका, त्यात प्रत्यक्ष खेळताना हात काय करतात ते क्वचितच दिसतं. कोणीतरी न बोलता खेळलेल्या गेमचा मधल्या भागातला वीस मिनिटांचा व्हिडिओ बघा. पहिल्या तासाचा नको, कारण सुरुवातीवर सगळ्यात जास्त मेहनत घेतलेली असते. डेमो असेल तर उत्तमच, स्टीमच्या नेक्स्ट फेस्टमध्ये शेकडो डेमो एकदम मिळतात. विकत घेतल्यावरही सोय आहे. स्टीमवर आणि एपिकवर घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर साधारणपणे पैसे परत मिळतात, जीओजीवर तीस दिवसांची मुदत आहे. पण दोन तास लांबलचक कथेच्या प्रस्तावनेत गेले तर खेळ कसा आहे ते कळतच नाही, हेही लक्षात असू द्या.

क्रिया आवडीची असूनही गेम पकड घेत नाही असंही होतं. 2006 साली रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी खेळाडूंवर अभ्यास केला होता. आपल्याला हे जमतंय असं वाटणं, निर्णय आपला आहे असं वाटणं आणि इतरांशी नातं जुळणं, या तीन गोष्टींचा खेळातल्या आनंदाशी संबंध त्यांना दिसला. मागे बसून बघताना मलाही पहिल्या दोन अगदी ठळक दिसतात.

‘जमतंय’ याचा अर्थ सोपं असणं नव्हे. सेलेस्ट हा कड्यांवरून उड्या मारत डोंगर चढण्याचा गेम चांगलाच कठीण आहे. पण त्यात पाय कड्यावरून सुटल्यानंतरही काही फ्रेम्स (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं, म्हणजे सेकंदाचा छोटासा भाग) उडी मारता येते. डोळ्यांनी कडा बघून बोटाने बटण दाबेपर्यंत क्षण निसटलेला असतो, आणि गेम तो क्षण तुमच्या बाजूने मोजतो. तुम्हाला हे कळतही नाही. एवढंच वाटतं की हा गेम आपलं ऐकतो. अशी काळजी जिथे घेतलेली नसते तिथे माणूस ‘काहीतरी बरोबर नाही’ म्हणून उठतो. प्लेटेस्टमध्ये मी एक खूण बघतो. खेळाडू मेला आणि काही न बोलता लगेच पुन्हा सुरू झाला, तर गेम ठीक आहे. मेला आणि हातातल्या कंट्रोलरकडे बघायला लागला, तर दोष आमचा आहे. तुम्ही वीस मिनिटांत उठता तेव्हा त्याच्या आधीच्या मिनिटाला काय झालं होतं ते एकदा आठवून बघा.

कधीकधी गेम चांगला असतो आणि दोष आपल्या पीसीवरच्या मांडणीत असतो. सेकंदाला साठ फ्रेम्स म्हणजे प्रत्येक फ्रेमला सुमारे 16.7 मिलिसेकंद. सरासरी नव्वद फ्रेम्स मिळतायत पण मधूनच एखादी फ्रेम ऐंशी मिलिसेकंद घेते, तर हाताला तो हिसका जाणवतोच. त्यापेक्षा अखंड साठ कितीतरी बरे. म्हणून फ्रेमरेटला मर्यादा घाला. मॉनिटरला व्हेरिएबल रिफ्रेश रेट (पडद्याचा वेग गेमच्या फ्रेम्सशी जुळवणारी सोय) असेल तर त्याच्या कमाल दरापेक्षा तीन-चार फ्रेम्स खाली. पहिल्यांदा चालू करताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होतायत असं दिसलं तर ते पूर्ण होऊ द्या, घाईने पुढे गेलात तर खेळताना अडखळतं. मोशन ब्लर (हालचालीत चित्र धूसर करणं) बंद करा, टेबलाशी बसून फर्स्ट पर्सन, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा गेम खेळताना मळमळत असेल तर फिल्ड ऑफ व्ह्यू (एका वेळी दिसणाऱ्या दृश्याची रुंदी) वाढवा. विंडोजमधला ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ हा पर्याय काढून टाका, म्हणजे माउसचा वेग हाताच्या सवयीत बसतो. हे एकदा दहा मिनिटांत करून सोडून द्या. आणि कोपऱ्यातला फ्रेम्सचा आकडा बंद करा. तो दिसत असेपर्यंत नजर खेळावर टिकत नाही.

काठिण्यपातळीबद्दल तुम्ही लिहिलंय की सोपं करणं म्हणजे गेम ‘खरा’ न खेळणं असं वाटतं. मला हे मनापासून खोडून काढायचंय. ‘नॉर्मल’ ही पातळी आम्ही जे लोक टेस्टला आले त्यांच्यावरून ठरवतो. त्यांत तुम्ही नव्हता, तुमचे दिवसभर थकलेले हात नव्हते. तो बनवणाऱ्यांचा अंदाज असतो, निकाल नव्हे. हेडीसमधला गॉड मोड बघा: वीस टक्के कमी इजा होण्यापासून सुरुवात, आणि प्रत्येक मरणानंतर दोन टक्क्यांची भर. म्हणजे गेम तुमच्या जवळ येत येत तुम्ही जिथे आहात तिथे पोचतो. सेलेस्टमध्येही असिस्ट मोड आहे, त्यात खेळाचा वेगसुद्धा कमी करता येतो. बनवणाऱ्यांनी हे पर्याय विचारपूर्वक ठेवलेत. मजा येईल त्या पातळीवर खेळा, आणि मधेच बदलावीशी वाटली तर बदला.

‘निर्णय आपला’ ही दुसरी गोष्ट. तुमचा अर्धवट राहिलेला आरपीजी मला इथे अडकलेला वाटतो. नकाशावर शंभर खुणा असतात आणि वाटतं, केवढं स्वातंत्र्य. पण खुणेकडे जायचं, ठरलेलं काम करायचं, पुढची खूण. तिसाव्या तासाला ती कामांची यादी होते. आउटर वाइल्ड्समध्ये अशी यादीच नाही. बावीस मिनिटांनी सगळं पहिल्यापासून सुरू होतं, हत्यारं वाढत नाहीत, ताकद वाढत नाही, वाढतं ते फक्त तुम्हाला काय ठाऊक आहे ते. कुठे जायचं हे प्रत्येक वेळी तुमच्या कुतूहलावर ठरतं. सगळ्यांना हे झेपत नाही, काहींना यादी हवीच असते आणि दिवसभर निर्णय घेऊन दमलेल्या माणसाला ती बरीही वाटते. पण तुम्हाला यादीचा कंटाळा आलाय असं दिसतंय. ज्या गेम्समध्ये नकाशावरच्या खुणा बंद करता येतात तिथे त्या बंद करून एक संध्याकाळ नुसतं भटकून बघा.

इथेच रोज हजेरी लावायला लावणाऱ्या गेम्सचं सांगायला हवं. रोजचं बक्षीस, मोसमी पास, मुदत संपणारी कामं. तुम्ही त्यातले दोन रोज उघडता असं लिहिलंय, म्हणजे मिळणाऱ्या वेळाचा एक तुकडा तिथेच जातो. मी एकच प्रश्न विचारतो: उद्यापासून त्यातली सगळी बक्षिसं बंद झाली तर तुम्ही तो गेम उघडाल का? उत्तर हो असेल तर खुशाल खेळा. नाही असेल तर एक मोसम चुकवून बघा.

वेळेचंही गणित आहे. तुमच्याकडे तास-दीड तास आहे, म्हणून तेवढ्यात काहीतरी पुरं होणारे गेम्स आठवड्याच्या मधल्या रात्रींसाठी ठेवा. हेडीसची एक फेरी अर्ध्या-पाऊण तासात आटोपते, स्ले द स्पायरची साधारण तासाभरात. लांबलचक आरपीजी सुट्टीच्या दिवसांसाठी राखा. त्यांत चार दिवसांचा खंड पडला की कुठलं बटण कशाला हेही आठवत नाही, पहिली वीस मिनिटं आपण कुठे होतो ते आठवण्यातच जातात, आणि नेमकी तुम्ही वीस मिनिटांतच उठता. त्यावर साधा उपाय आहे. थांबताना एका ओळीत लिहून ठेवा: ‘किल्ल्याच्या मागच्या दाराची किल्ली मिळाली, आता तळघरात जायचं.’ पुढच्या वेळी ती ओळ वाचून बसा, फरक जाणवेल.

वयाबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. टेस्टला पन्नाशी ओलांडलेली माणसंही येतात आणि मनसोक्त खेळतात. बदलतं ते बहुधा मोकळ्या वेळेचं प्रमाण आणि सहनशक्ती. पंधराव्या वर्षी एकच गेम असायचा आणि सुट्टी लांबच लांब, म्हणून सामान्य गेममधूनही मजा खणून काढली जायची. आता तीनशे गेम्स आहेत आणि तास एक. त्यामुळे निवड काटेकोर असायला लागते, गोडी तीच राहते.

राहिला तो चाळीस तासांचा आरपीजी. स्टीमवर त्या गेमच्या पानावर अचिव्हमेंट्सची (गेममधले टप्पे गाठल्याच्या नोंदींची) जागतिक आकडेवारी बघा, कथा पूर्ण केल्याची अचिव्हमेंट किती टक्के लोकांकडे आहे ते कळेल. मोठ्या गेम्समध्ये तो आकडा पुष्कळदा निम्म्याच्याही खाली असतो, म्हणजे तुम्ही एकटे नाही. त्याची सेव्ह फाइल कॉपी करून ठेवा, पुढे काय करणार होतात त्याची एक ओळ लिहा आणि गेम डिस्कवरून काढा. तिसरी जागा मोकळी होईल. तिथे काय ठेवायचं ते तुमच्या त्या तीन वाक्यांवरून ठरेल. ती लिहून झाली की मला पाठवा, मशीनची माहितीही द्या, मी दोन-तीन नावं सुचवतो.